पंच कोणाचा?

निकाली कुस्तीत पंचाला फारसे काम नसते. एका मल्लाची पाठ मातीला लागली, दोन्ही खांदे टेकले, की निकाल लागला. पंचाने हात वर करण्याआधीच तो फडाभोवती बसलेल्या माणसांना कळलेला असतो. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या जत्रांचे फड आजही याच रीतीने चालतात. दुपारी हलगी कडाडते. आधी लहान पोरांच्या रेवड्या-नारळावरच्या कुस्त्या होतात, मग इनाम चढत जाते आणि दिवस कलताना शेवटची मानाची कुस्ती लागते. जोड लावणारे जाणते लोक दोघांचे अंग नजरेने तोलतात. एक भारी आणि एक हलका दिसला तर प्रेक्षकांतूनच ओरडा होतो आणि जोड मोडावी लागते. जिंकलेला मल्ल फडाला फेरी मारतो, लोक त्याच्या मातीने माखलेल्या हातात दहा-वीसच्या नोटा ठेवतात. हरलेल्यालाही रिकाम्या हाताने पाठवत नाहीत.

या व्यवहारातली नीती कुठे लिहून ठेवलेली नाही, पण ती पक्की आहे. निकाल सर्वांसमोर लागतो आणि तो लावणाऱ्याचा त्यात स्वार्थ नसतो. लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात भरणाऱ्या खंडोबाच्या यात्रेतही कुस्त्यांची दंगल होते. तिथे आयोजक जिल्हा परिषद असते, मंडपात पुढारी बसतात, फेटे बांधले जातात. तरीही पाठ टेकली की नाही हे ठरवण्याची ताकद मंडपाकडे नसते.

किनवट तालुक्यातल्या इस्लापूरचे उदाहरण या फडाशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. सहस्रकुंड धबधब्याजवळचे हे गाव निजामाच्या राज्यात आदिलाबाद जिल्ह्यात होते. 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्यात बोथ तालुक्यातल्या ‘इस्लापूर सर्कल’चा नावानिशी उल्लेख आहे, आणि 1 नोव्हेंबर 1956 ला हा भाग किनवटसह मुंबई राज्यात आला. गाव कोणत्या राज्यात असावे याचा निर्णय दूर दिल्लीत झाला, तो कागदावर उतरला आणि मग गावाला कळला. राजकारणात असे होणे अपरिहार्य असते. खेळात ते अपरिहार्य नाही, आणि तिथे ते होऊ लागले की खेळाचा जीव जातो. महाराष्ट्राच्या कुस्तीत गेली काही वर्षे नेमके हेच घडत आहे.

मामासाहेब मोहोळ यांनी 1953 मध्ये महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन केली. 1961 मध्ये औरंगाबादला पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि दिनकर दह्यारी पहिले मानकरी ठरले. मराठवाड्याला या स्पर्धेच्या गदेचे अप्रूप वाटावे असे नाव 1969 मध्ये पुढे आले. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार त्या वर्षी लातूरच्या अधिवेशनात महाराष्ट्र केसरी झाले. 1977 मध्ये बेळगावात त्यांनी दिल्लीचे मल्ल सतपाल यांना हरवले. त्या कुस्तीची आठवण जुने शौकीन अजून काढतात, आणि तिच्या निकालावर कोणी बोट ठेवत नाही. पुढे बिराजदारांनी पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत पोरे घडवली, 2006 मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला.

मधल्या काळात कुस्तीचे स्वरूप बदलले. गादीवरच्या कुस्तीत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात, गुण मोजले जातात, एका डावाला दोन गुण द्यायचे की चार यावर सामना फिरतो. प्रेक्षकाला दिसते त्याहून जास्त पंचाला दिसावे लागते. ऑलिंपिकचा मार्ग गादीवरूनच जातो, त्यामुळे या बदलाबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. पण निकाल जेवढा पंचाच्या हातात गेला, तेवढी पंच कोण नेमतो या प्रश्नाची किंमत वाढली. महाराष्ट्र केसरीच्या गदेबरोबर आज चारचाकी गाडी आणि मानधन येते, नाव झाले तर सरकारी नोकरीची वाट मोकळी होते. शेतकऱ्याच्या घरातल्या पोराची दहा वर्षांचा खुराक, वडिलांनी विकलेली जनावरे, हे सगळे एका गुणावर टांगलेले असते.

आणि ज्या संघटना पंच नेमतात त्यांच्या खुर्च्यांवर पक्षांचे नेते आहेत. 2022 मध्ये भारतीय कुस्ती महासंघाने शरद पवार अध्यक्ष असलेली राज्य परिषदेची कार्यकारिणी बरखास्त केली. त्या वेळी महासंघाचे अध्यक्ष भाजपचे खासदार ब्रिजभूषण शरण सिंह होते. राज्यात नव्या संघटनेची सूत्रे भाजपचेच तेव्हाचे खासदार रामदास तडस यांच्याकडे गेली, जुन्या गटाने आपली परिषद चालू ठेवली आणि वाद न्यायालयात पोहोचला. परिणाम नोव्हेंबर 2023 मध्ये सर्वांना दिसला. एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले. पुण्याजवळच्या फुलगावला सिकंदर शेखने शिवराज राक्षेला हरवून गदा घेतली, आणि काही दिवसांत धाराशिवला त्याच शिवराज राक्षेने हर्षवर्धन सदगीरला हरवून दुसरी गदा घेतली. दोन्ही मल्ल मेहनतीने मोठे झालेले, दोघांच्याही गदा खऱ्या घामाच्या. त्यांचा मान अर्धा केला तो खुर्च्यांच्या भांडणाने.

2 फेब्रुवारी 2025 ला अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत तर कुस्तीने मान खाली घालावी असे झाले. पृथ्वीराज मोहोळविरुद्धच्या लढतीत शिवराज राक्षेला चितपट ठरवण्यात आले. खांदे टेकलेच नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. त्याने पंचाची कॉलर धरली, लाथ मारली. अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाड निर्णयावर चिडून मैदान सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. पंचाला लाथ मारणे हे कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही आणि बंदी योग्यच होती. परंतु चितपट हा कुस्तीतला सर्वांत स्वच्छ निकाल असताना मल्लांचा त्यावरही विश्वास बसू नये, याचा जाब केवळ मल्लांना विचारून चालणार नाही.

त्याआधीच दिल्लीत याहून गंभीर प्रकार घडला होता. जानेवारी 2023 मध्ये विनेश फोगाट, साक्षी मलिक आणि बजरंग पुनिया जंतर मंतरवर बसले. त्यांचे आरोप महासंघाच्या अध्यक्षांवर होते आणि ते महिला मल्लांच्या लैंगिक छळाचे होते. 28 मे 2023 ला नव्या संसद भवनाचे उद्घाटन होत असताना या पदकविजेत्यांना पोलिसांनी रस्त्यावरून उचलले. डिसेंबरमध्ये ब्रिजभूषण यांच्या निकटचे संजय सिंह अध्यक्ष निवडून आले, त्या दिवशी साक्षीने कुस्ती सोडली.

इथे वेल्सकडे पाहणे उपयोगाचे ठरते. ब्रिटनमधल्या या छोट्या देशात कोळसा खाणींच्या खोऱ्यांत रग्बी रुजली, आणि मराठवाड्यात गावाला आपल्या मल्लाबद्दल वाटते तसे तिथे देशाला आपल्या संघाबद्दल वाटते. 16 डिसेंबर 1905 ला कार्डिफमध्ये वेल्सने न्यूझीलंडला 3-0 असे हरवले. न्यूझीलंडच्या बॉब डीन्सने आपण रेषेपार चेंडू टेकवला होता असे मरेपर्यंत सांगितले. तो वाद शंभर वर्षांनंतरही मिटलेला नाही, तरी निकाल टिकला. पंच जॉन डॅलस स्कॉटलंडचा होता, दोन्ही संघांपैकी कोणाचाच नव्हता. 2023 मध्ये त्याच वेल्सच्या रग्बी युनियनवर महिला कर्मचाऱ्यांशी वाईट वागणूक झाल्याचे आरोप झाले, तेव्हा मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने त्या वर्षीच्या जानेवारीत पद सोडले आणि मार्चमध्ये क्लबांनी प्रचंड बहुमताने कारभार बदलून स्वतंत्र अध्यक्ष आणण्याचे ठरवले. तेही सहजासहजी झाले नाही. पण आरोप झालेल्या संस्थेने आधी स्वतःची घडी बदलली.

महाराष्ट्रातल्या मल्लांमध्ये हार-जीत मोठ्या मनाने घेण्याची समज नाही असे मुळीच नाही. जानेवारी 2020 मध्ये पुण्यात बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके यांच्यात झाली. दोघेही लातूर जिल्ह्यातून आलेल्या अर्जुन पुरस्कार विजेत्या काका पवारांच्या तालमीतले. सदगीर थोड्या गुणांच्या फरकाने जिंकला, आणि त्याने हरलेल्या शैलेशला खांद्यावर घेऊन मैदानात फिरवले. हा संस्कार मल्लांना तालमीत मिळतो. संघटनांच्या बैठकीत बसणाऱ्यांनी तो त्यांच्याकडून घ्यावा.

2025 च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने महासंघांच्या कार्यकारिणीत खेळाडू आणि महिलांना जागा दिली आहे, वादांसाठी न्यायाधिकरणही ठेवले आहे. राज्याच्या कुस्तीने त्याच्या पुढे एक पाऊल टाकावे. महाराष्ट्र केसरीच्या अंतिम फेऱ्यांना पंच परराज्यातले असावेत, वादग्रस्त डावाचे चित्रण मैदानातल्या पडद्यावर सर्वांना दाखवावे, निवडून आलेल्या लोकप्रतिनिधीने संघटनेचे पद घेऊ नये, आणि दोन्ही गटांनी मिळून वर्षाला एकच गदा द्यावी.