तिकीट नसलेला दिवस

मे महिना लागला की इंग्लंडमधल्या प्रत्येक मराठी ऑनसाईट घरात एक एक्सेल शीट उघडते. आईबाबा येणार असतात. व्हिसा झालेला असतो, चकलीचं पीठ आणि कुळथाचं पिठलं बॅगेत बसतं की नाही याचे हिशोब तिकडे चालू असतात, आणि इकडे आपण शीट भरत असतो. एका कॉलममध्ये शनिवार-रविवार, दुसऱ्यात ठिकाण, तिसऱ्यात तिकीट, चौथ्यात "व्हेज मिळेल का". लंडन दोन दिवस, स्टोनहेंज अर्धा दिवस, बाथ अर्धा दिवस, एखादा राजवाडा, एखादा सफारी पार्क. प्रोजेक्ट प्लॅनच म्हणा ना!

गेल्या वर्षी अण्णा आणि आई सहा आठवड्यांसाठी स्विंडनला आले तेव्हा माझीही अशी शीट होती. कंडिशनल फॉरमॅटिंगसकट. झालेलं ठिकाण हिरवं व्हायचं.

पहिल्या तीन विकेंडला शीट भराभर हिरवी झाली. आणि आईअण्णा भराभर गप्प झाले. एका मोठ्या पार्कात पन्नास मिनिटं रांगेत उभं राहिल्यावर आई बायकोला हळूच म्हणाली, "एवढ्या पैशात काय काय झालं असतं गं." अण्णा काहीच म्हणाले नाहीत. ते निवृत्त झेडपी शिक्षक, सातारा जिल्ह्यातल्या गावात थोडी शेती. परतीच्या प्रवासात ते फक्त खिडकीतून बाहेर बघायचे आणि विचारायचे, "हे काय पेरलंय? गहू का?" आणि मला माहीत नसायचं. मी सात वर्षं आयटीत आहे, या देशात तीन वर्षं. खिडकीबाहेर काय पेरलंय हे मी एकदाही बघितलं नव्हतं.

चौथ्या शनिवारी शीट बंद केली. माझं म्हणणं त्या दिवसापासून सुरू होतं, आणि ते साधं आहे: इंग्लंडच्या उन्हाळ्यात घरच्यांना दाखवण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट तिकिटाच्या पलीकडे आहे. ती म्हणजे पायवाट.

आम्ही गेलो अफिंग्टनला. तिथे टेकडीच्या उतारावर खडूच्या पांढऱ्या रेषांनी काढलेला घोडा आहे, सुमारे ११० मीटर लांब आणि जवळजवळ ३००० वर्षं जुना. त्या बाजूच्या टेकड्याच खडूच्या आहेत. गवत खरवडून चर खणायचे आणि खडू ठेचून भरायचा, झाला घोडा. लक्ष दिलं नाही तर काही वर्षांत गवत त्याला गिळून टाकेल. म्हणजे ३००० वर्षं, कुठल्याही पिढीने फार मोठा खंड न पाडता, कोणीतरी येऊन तो साफ केला आहे. आजही उन्हाळ्यात नॅशनल ट्रस्ट लोकांच्या हातात हातोड्या देऊन खडू ठेचून घेतो. माझ्या कोडवर इतकी वर्षं मेंटेनन्स होईल असं वाटत नाही :)

तिथून रिजवे नावाची प्राचीन वाट जाते. आज ती ८७ मैलांची राष्ट्रीय पायवाट आहे. तिच्यावरून दोन-अडीच किलोमीटर चाललं की झाडांत लपलेली वेलँड्स स्मिदी लागते. हे पाषाणयुगातलं, ५००० वर्षांहून जुनं दफनस्थळ. दंतकथा अशी की घोडा आणि एक नाणं ठेवून जायचं, परत येईपर्यंत वेलँड नावाच्या लोहाराने नाल ठोकलेली असते. आईने लगेच पर्समधून नाणं काढून दगडावर ठेवलं. "घोडा नाही, पण गुडघे आहेत," म्हणाली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा ती मोकळी हसली.

खरी गोष्ट मात्र पुढे झाली. गाडीकडे परतताना नकाशात बघून मी खालच्या शेतांतली वाट धरली. कडेला फाटक, फाटकाशेजारी खांबावर पिवळा बाण, आणि पलीकडे कमरेपर्यंत उभं सातूचं पीक. पिकाच्या मधोमध माणूसभर रुंदीची वाट, थेट पलीकडच्या कुंपणापर्यंत.

अण्णा फाटकापाशी थांबले. "अरे, उभं पीक आहे कुणाचं तरी. आत कसं शिरायचं?"

मी बाण दाखवला. पटेना. तेवढ्यात त्या शेताचा मालक चारचाकी बाईकवरून कडेने आला. अण्णांनी टोपी काढली आणि वर्गात इन्स्पेक्टर आल्यासारखे ताठ उभे राहून इंग्रजीत विचारलं, तुमच्या शेतातून जाऊ का? तो गोंधळलाच. म्हणाला, माझी परवानगी कशाला हवी, वाट आहे ती. फक्त फाटक लावून घ्या. आणि गेला.

त्या अर्ध्या किलोमीटरमध्ये मी अण्णांना मला माहीत होतं ते सांगितलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा हक्काच्या वाटा मिळून सुमारे १,४०,००० मैल आहेत. जमीन खाजगी, पण वाट सगळ्यांची. ऑर्डनन्स सर्व्हेच्या एक्सप्लोरर नकाशावर त्या हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. लोक २० वर्षं विनाअडथळा, विनापरवानगी, उघडपणे एखाद्या वाटेने चालत राहिले, तर १९८० च्या हायवेज अॅक्टप्रमाणे मालकाने ती लोकांना दिली असं कायदा मानतो. मालकाला तसा हेतू नव्हता हे त्याने दाखवावं लागतं. हे काही सरकारने आपणहून बहाल केलेलं नाही. १९३२ च्या एप्रिलमध्ये मँचेस्टरकडचे काही शे तरुण, बरेचसे कामगार, किंडर स्काउटच्या बंद माळरानावर मुद्दाम घुसले. पाच जण तुरुंगात गेले. पुढे १९४९ साली कायदा झाला आणि कौन्सिलांना अशा वाटा नोंदवून नकाशे करायला लावले.

"आणि शेतकऱ्याने नांगरली तर?" अण्णांनी विचारलं.

पिकातून जाणारी वाट पेरणीसाठी नांगरता येते, मी म्हणालो, पण १४ दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. निदान एक मीटर रुंद. बांधाच्या कडेची वाट तर नांगरायचीच नाही.

यावर अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. पलीकडच्या फाटकावर टेकून मग म्हणाले, "वरच्या रानातून वस्तीवरच्या पोरांची वाट होती. शाळेला यायची त्यातून. २००६ ला ऊस केला तेव्हा मी ती मोडली. ओढ्याकडून लांबून यायला लागली पोरं. पावसाळ्यात ओढा भरला की यायचीच नाहीत." थोडं थांबून म्हणाले, "वाट मीच मोडली, आणि सकाळी शाळेत जाऊन गैरहजेरी पण मीच मांडली."

आई म्हणाली, "अहो, जाऊ द्या आता." अण्णा म्हणाले, "तेच तर. जाऊ दिलं नाही ना."

मला हे माहीत नव्हतं. त्याच उसावर माझी इंजिनिअरिंगची फी भरली गेली, हे मात्र माहीत होतं.

आता कोणी म्हणेल, बाबा रे, तिथला कायदा वेगळा, आपल्याकडचं वेगळं. तितकंसं वेगळं नाही. 'वहिवाट' हा शब्द आपलाच आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातही २० वर्षांचीच मुदत आहे. वाट अडवली तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडे जाता येतं. गाव नकाशावर पायमार्ग तुटक रेषेनेच दाखवतात. फरक मला दिसतो तो इतकाच, की आपल्याकडे वाट हा भांडणाचा विषय आहे आणि तिथे तो सहलीचाही आहे. दर रविवारी आजी-आजोबा, पोरं, कुत्री चिखल तुडवत त्या वाटेने जातात आणि नकळत हक्क जिवंत ठेवतात. आपण शहरातले लोक कुंपण आणि गेट असलेल्या रिसॉर्टमध्ये जाऊन 'निसर्ग' बघतो, आणि कुंपणाबाहेरच्या वाटेचं काय झालं हे विचारत नाही.

उगाच गुलाबी चित्र नको. या वाटांवर टॉयलेट नाही. रविवारी खेड्यात बस मिळेल याची खात्री नाही. बाबागाडी कुंपणाच्या पायऱ्यांवरून जात नाही. वासरं असलेल्या गाईंपासून लांब राहायचं, पाऊस कधीही येतो, आणि आपल्यासारखे चेहरे वाटेवर कमी असल्याने पहिल्या दिवशी थोडं अवघडायला होतं. तिकडेही सगळं आलबेल नाही. न नोंदलेल्या जुन्या वाटांसाठी २००० च्या कायद्याने १ जानेवारी २०२६ ही शेवटची तारीख ठेवली होती, ती २०३१ पर्यंत ढकलली, आणि ही मुदतच रद्द करू अशी घोषणा सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये केली. तोवर कितीतरी हौशी लोक जुने नकाशे चाळत बसले होते.

तरीही यंदा तुमच्याकडे कोणी येणार असेल, तर शीटमधले दोन विकेंड रिकामे ठेवा. एक नकाशा, दशम्या, थर्मासमध्ये चहा. जूनच्या शेवटी साडेनऊपर्यंत उजेड असतो, घाई करू नका. शेतात काय पेरलंय हे त्यांना विचारा, त्यांना माहीत असतं. आणि फाटक लावून घ्या.

अण्णा जाताना तो नकाशा बॅगेत घालून घेऊन गेले. ऑगस्टमध्ये फोनवर बोलता बोलता म्हणाले, या लागणीला वरच्या रानात मधल्या दोन सऱ्या मोकळ्या ठेवल्यात. मी विचारलं, कोणी जातं का तिथून? "नाही," म्हणाले. "सगळ्यांकडे मोटारसायकली झाल्यात आता. पण असू दे."

असो. सोमवार आला, उद्या रिलीज आहे.