सेल्फ-कंटेन्ड

ज्या खोलीच्या आत संडास आहे तिला इंग्रजीत स्वयंपूर्ण म्हणतात, हे समजल्यापासून त्या भाषेपुढे मी हात टेकले आहेत. आम्हा सातारकरांची पूर्णत्वाची कल्पना वेगळी. आल्यागेल्याला जिथे भाकरी आणि पाठ टेकायला जागा मिळते, ते घर पुरे. बाकीचे परसात असले तरी चालते.

परवा मुंबईत अशाच एका 'बुटीक' खोलीत दोन रात्री काढल्या. सांगलीला सासूबाईंच्या कानावर हे गेले तेव्हा त्या काळजीने म्हणाल्या, "अहो, ब्लाउज शिवायच्या दुकानात कशाला झोपलात? आमच्या भाच्याकडे जायचं की!"

खोलीत काय नव्हते? किटली होती, चहाच्या दोन पुड्या होत्या, कागदी सपाता होत्या. मोरी आणि पलंग यांच्यामध्ये नुसती काच होती. अंघोळ करणाऱ्याला पलंगावरच्या माणसाची सोबत व्हावी, हाच उद्देश असणार. पण दुसऱ्या माणसाला खोलीत यायचीच बंदी! 'बाहेरील व्यक्तींस प्रवेश नाही', अशी पाटी दारामागे होती. बायकोच्या तपासणीसाठी परळला आलेला आमचा साताऱ्याचा शेजारी भेटायला आला, तो खालच्या सोफ्यावरूनच परत गेला. पलंगाशेजारी एक सतरंजी सहज मावली असती. मी वितीने मोजून पाहिले.

आता मुंबईत सतरंजी पसरण्याचा आमचा हक्क जुना आहे. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली पडले; पण पाहुण्यांची वाटणी काही झाली नाही. दोन्हीकडची माणसे गिरणगावात एकाच खोलीत उतरत. गावाच्या नावाची खोली असे. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच वळकटीवर पडे. अंथरूण म्हणून कधी गार होत नसे. नवा आलेला पोरगा नोकरी लागेपर्यंत तिथेच राही, आणि 'तू कोण?' असे त्याला कोणी विचारत नसे. 'कुणाचा?' एवढेच विचारत.

चाळीचे गोडवे गायला मी बसलेलो नाही. ते गाणारे बहुधा चाळ सोडून गेलेले असतात. पहाटे बादली घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला विचारा, ती एकच कडवे म्हणेल, आणि ते छापता येणार नाही. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांची खोली आणि सामाईक संडास. वरळीच्या पहिल्या काही रहिवाशांना ५०० चौरस फुटांच्या घराच्या किल्ल्या मिळाल्या त्या २०२५ साली. शंभर वर्षे वाट पाहून संडास घरात आला. त्याचा मला मनापासून आनंद आहे.

माझे भांडण संडासाशी नाही, पाटीशी आहे. संडास आत आला म्हणून माणूस बाहेर का? परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून उभे आहे. गावोगावचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक त्याच्या आसपासच्या फुटपाथवर मुक्काम करतात. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा अशांना आसरा देते. पण एक धर्मशाळा किती जणांना पुरणार? पूर्वी गावच्या खोलीत अशा पाहुण्याची सोय होई. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या, खोल्या विकल्या गेल्या, आणि त्यांच्या जागी आल्या या किटलीवाल्या खोल्या. त्या परवडतात मला. पण माझ्या शेजाऱ्याला परवडत नाहीत, आणि मला परवडल्या तरी त्याला आत घेता येत नाही.

तेव्हा अशा खोल्या बांधणाऱ्यांना आणि त्यांना परवाने देणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच. किटली काढा, सपाता काढा, ती काच तर आधी काढा. पाटी उतरवा आणि दर खोलीत एक जास्तीची सतरंजी ठेवा. भाडे हवे तर थोडे वाढवा, आम्ही कुरकुरत का होईना, देऊ. मग खुशाल म्हणा खोलीला स्वयंपूर्ण.