सौरऊर्जा : अनुदान आणि कल्पकता

५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे पंतप्रधानांच्या हस्ते राज्यातील पाच सौरप्रकल्पांचे लोकार्पण झाले. त्यांची एकूण क्षमता १९ मेगावॉट. पण पाचांपैकी एकही प्रकल्प वाशीम जिल्ह्यातील नव्हता. हा योगायोग म्हणून सोडून देता येईल. मात्र सौरधोरणाचा लाभ कोणत्या गावांच्या पदरात पडतो, हा प्रश्न टाळता येणार नाही.

२००८ साली केंद्राने सौरशहरांचा कार्यक्रम आखला. त्यात महाराष्ट्रातून नागपूर, ठाणे, कल्याण-डोंबिवली, तेव्हाचे औरंगाबाद, नांदेड व शिर्डी यांची निवड झाली. पुणे महापालिकेने मिळकतकरात पाच ते दहा टक्के सवलत देऊन सौर बंब, पर्जन्यजलसंचय यांसारख्या उपायांना उत्तेजन दिले. तात्पर्य, ज्या नगराजवळ सोडून देण्याजोगा कर आहे, तेथे नव्या वस्तूला गिऱ्हाईक मिळते; आणि गिऱ्हाईक असेल तेथेच कारागीर व कारखानदार नव्या कल्पना आजमावतात. कारंजा वा रिसोडच्या नगरपरिषदेला असे औदार्य परवडणे कठीण.

फेब्रुवारी २०२४ मधील ‘पीएम सूर्यघर’ योजनेने ही विषमता अंशतः कमी केली, हे मान्य केले पाहिजे. तीन किलोवॉटच्या संचाला मिळणारे ७८,००० रुपये पुण्यात आणि मंगरूळपीरमध्ये सारखेच आहेत. परंतु त्यासाठी छप्पर स्वतःचे हवे आणि उरलेली रक्कम उभी करण्याची ऐपत हवी. शिवाय ७५,०२१ कोटींच्या या योजनेत नावीन्यपूर्ण प्रकल्पांसाठी राखलेले ५०० कोटी हे शेकडा एकाहूनही कमी भरतात. अनुदान किलोवॉट मोजून मिळत असेल, तर पुरवठादार किलोवॉटच विकणार. स्थानिक गरज ओळखून नवे साधन घडविण्याचे त्याला कारण उरत नाही.

वाशीमची गरज तर उघड आहे. सोयाबीन व हळद वाळविणे, भाजीपाल्यासाठी छोटी शीतगृहे, नळयोजनांचे पंप दिवसाउजेडी चालविणे, ही कामे सूर्यप्रकाशावर होण्याजोगी आहेत. २०१८ पासून हा जिल्हा केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. नावीन्यासाठीच्या निधीतील ठरावीक वाटा अशा जिल्ह्यांतील नगरपरिषदांना द्यावा आणि तेथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांना त्या कामात सहभागी करून घ्यावे. प्रत्येक संचामागे स्थानिक संस्थेला मिळणारा हजार रुपयांचा प्रोत्साहन निधीही याच कामी लावता येईल. अन्यथा छपरांवरील पत्रे वाढतील, पण ते दुरुस्त करणारा हात आणि सुधारणारी बुद्धी मोठ्या शहरांतूनच आणावी लागेल.