नाव, रूप आणि भरवसा

दसरा आणि गुढीपाडवा हे नव्या वाहनाच्या खरेदीचे मुहूर्त मानले जातात. आणि त्या दिवशी झेंडूच्या हारांनी सजलेल्या लहान मोटारी अंबाबाईच्या दर्शनास निघालेल्या पाहणे, हा कोल्हापूरकरांच्या परिचयाचा देखावा आहे. मात्र ज्या नावांना वीस-पंचवीस वर्षांपूर्वी येथील मध्यमवर्गीय गृहस्थाने नाक मुरडले असते, त्यांतील काही नावे आज त्याच्याच दारात मानाने उभी आहेत. लोकमताचा हा पालट केवळ आवडीनिवडीचा विषय नव्हे. कुटुंबाची अनेक वर्षांची बचत आणि कुटुंबाचे जीवित ज्या वस्तूवर सोपवावयाचे, तिची पारख आपण कशी करतो, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

ही पारख किती वेळा चुकली, याची साक्ष अलीकडचा इतिहासच देतो. १९९८ साली आलेल्या ह्युंदाईच्या सँट्रोचा उंच बांधा प्रथम अनेकांच्या थट्टेचा विषय झाला. पुढे त्याच उंचीमुळे आत बसणे-उतरणे सोयीचे होते हे ध्यानात येताच ती घरोघर प्रिय झाली. त्याच वर्षी पिंपरीच्या कारखान्यातून निघालेल्या टाटांच्या इंडिकाची गोष्ट नेमकी उलट. तिचे रूप आणि ऐसपैस जागा लोकांना भावली. परंतु तक्रारी इतक्या झाल्या की २००१ साली सुधारित आवृत्ती काढावी लागली. दोष दूर झाले, तरी 'ही भाड्याची गाडी' हा शिक्का पुसला गेला नाही. २००८ साली लाख रुपयांत देऊ केलेल्या नॅनोला तर स्वस्ताईच भोवली. काही गाड्यांना आगी लागल्याने भरवसा डळमळला, आणि २०१८ साली तिचे उत्पादन थांबले. सर्वांत स्वस्त अशी तिची ओळख व्हावयास नको होती, हे रतन टाटांनीही पुढे मान्य केले.

तथापि याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. 'भरवशाची गाडी' म्हणजे रस्त्यात न अडणारी व दुरुस्तीला स्वस्त पडणारी गाडी, अशी आपली समजूत वर्षानुवर्षे होती. २०१४ साली ग्लोबल एन-कॅप या संस्थेने भारतीय बाजारातील पाच लहान गाड्या आदळवून पाहिल्या. अल्टो, नॅनो, आय-टेन, फिगो आणि चाकणला बनणारी पोलो, या पाचांनाही प्रौढ प्रवाशांच्या रक्षणासाठी शून्य तारे मिळाले. प्रतिष्ठित नाव कोणाच्याही कामी आले नाही. त्याच पोलोत हवेच्या पिशव्या बसविताच तिला चार तारे मिळाले! ज्या टाटांच्या गाड्यांविषयी लोक साशंक होते, त्यांच्या नेक्सनने डिसेंबर २०१८ मध्ये पाच तारे मिळविले. आणि मारुतीच्या डिझायरने तो मान मिळविण्यास २०२४ साल उजाडले. गाडीतील पोलाद बदलते ते आधी, आणि आपले मत बदलते ते फार मागाहून, हाच याचा अर्थ नव्हे काय?

हे ओळखण्यास कोल्हापूरला परक्याच्या शिकवणीची गरज नसावी. मोटारींच्या इंजिनांचे ओतीव भाग शिरोली व गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून देशभर जातात. तेथील कसबी कारागीर वरचा गुळगुळीतपणा पाहून कास्टिंग पास करीत नाही. आत पोकळी राहिली आहे की नाही, हे तपासल्यावरच तो ते पुढे पाठवितो. भाग घडविताना जी कसोटी आपण लावतो, ती संपूर्ण गाडी विकत घेताना मात्र सोडून द्यावी, हा विसंवाद आश्चर्यकारक आहे.

ऑक्टोबर २०२३ पासून भारत एन-कॅप ही आपली स्वतःची चाचणी सुरू झाली. परंतु ती ऐच्छिक ठेवण्यात आली. आमच्या मते विक्रेत्याने किमतीच्या पाटीशेजारी ताऱ्यांची संख्या लिहावी, चाचणी झाली नसल्यास तेही स्पष्ट लिहावे, आणि ग्राहकाने ते वाचल्याविना पैसे मोजू नयेत. पुणे-बंगळूर महामार्गावर मुलाबाळांसह निघालेल्या गृहस्थाचे रक्षण गाडीच्या रंगाने होणार नाही, की तिच्या नावानेही होणार नाही. ते होईल आतल्या धातूने, आणि तो पारखून घेण्याच्या आपल्या सावधपणाने.