चांगल्या हेडफोनास निराळा ॲम्प्लिफायर हवा काय ?

एकत्र कुटुंबांत शांतता राखणाऱ्या ज्या थोड्या वस्तु अलीकडे घरांत आल्या, त्यांत हेडफोनाची गणना अवश्य केली पाहिजे. एकाच दिवाणखान्यांत आजोबा कीर्तन ऐकतात, सूनबाई कचेरीच्या सभेस घरूनच हजर असतात, धाकटा परीक्षेचें व्याख्यान ऐकत बसतो, आणि तरी कोणाचा कोणास उपद्रव होत नाहीं. तेव्हां घरांतील एखाद्या संगीतप्रेमी मुलानें पैसे साठवून उत्तम हेडफोन आणला, तर त्यांत वावगें कांहींच नाहीं. वाद उत्पन्न होतो तो पुढच्या महिन्यांत. मुलगा म्हणतो, “एवढा चांगला हेडफोन नुसत्या मोबाइलला लावला तर तो व्यर्थ जातो, त्यास निराळा ॲम्प्लिफायर आणि बाहेरचें साउंड कार्ड पाहिजे.” वडील म्हणतात, “जी वस्तु चालविण्यास तितक्याच किंमतीची दुसरी वस्तु लागते, ती चांगली कसली ?” दोघेहि आपापल्या परीनें बरोबर असूं शकतात, आणि दोघेहि चुकलेले असूं शकतात. या महिन्यांत आपण या वादाचा निवाडा करूं. मात्र तो वयावर किंवा हौसेवर न सोंपवितां गणितावर सोंपवूं.

प्रथम संज्ञा स्पष्ट करूं. मोबाइलमध्यें अथवा संगणकांत गाणें असतें तें अंकांच्या रूपानें. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर डाव्या व उजव्या अशा प्रत्येक बाजूच्या ध्वनीचीं दर सेकंदास ४४,१०० मापें नोंदण्याची पद्धत ठरली, आणि ती आजहि प्रचारांत आहे. या अंकांचें पुनः विद्युल्लहरींत रूपांतर करणारा जो भाग, त्यास ‘डॅक’ म्हणतात. गाणें ऐकवितांना साउंड कार्डाचें मुख्य काम हेंच. ती लहर हेडफोनांतील पडदा हालविण्याइतकी सबळ करणारा भाग तो ॲम्प्लिफायर. यापुढें त्यास आपण ‘वर्धक’ म्हणूं. आतां लक्ष्यांत ठेवण्याची गोष्ट ही, कीं ज्या मोबाइलमधून किंवा संगणकांतून आवाज निघतो, त्याच्या पोटांत हे दोन्ही भाग आधींच असतात. म्हणून ‘वर्धक हवा कीं नको’ हा प्रश्नच मुळांत अपुरा आहे. खरा प्रश्न असा : जो वर्धक घरांत आहे, तो या हेडफोनास पुरतो कीं नाहीं ?

यावरून पहिला निर्णय आपोआप निघतो. बिनतारी, म्हणजे ब्लूटूथच्या, हेडफोनांत डॅक व वर्धक दोन्ही त्याच्या आंतच बसविलेले असतात. मोबाइल त्याकडे केवळ अंक पाठवितो. अशा हेडफोनासाठीं टेबलावर निराळा वर्धक आणून ठेवणें म्हणजे जेवून उठलेल्या पाहुण्यास पुनः पानावर बसविणें होय. यूएसबीनें जोडावयाच्या हेडफोनाचीहि गोष्ट तीच. ज्या घरांत असेच हेडफोन आहेत, त्या घरच्या वडिलांनीं निश्चिंत असावें. हा खर्च त्यांच्या दारीं येण्याचें कारण नाहीं.

आतां तारेच्या हेडफोनाकडे वळूं. त्याच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकांत दोन अंक सांपडतात. पहिला अंक रोधाचा. तो ओहममध्यें दिलेला असतो. हें नांव गेऑर्ग सायमन ओहम या जर्मन शास्त्रज्ञाचें. कोलोन येथील शाळेंत तो गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असे, आणि विद्युत्प्रवाहासंबंधींचा आपला नियम त्यानें १८२७ सालीं प्रसिद्ध केला. एका शाळामास्तराचें नांव आज प्रत्येक हेडफोनाच्या खोक्यावर छापलें जातें, याचा या निवृत्त मास्तरास थोडा अभिमान वाटला, तर वाचक क्षमा करतील. दुसरा अंक संवेदनशीलतेचा. एक मिलिवॅट शक्ति दिली असतां हेडफोन किती डेसिबल आवाज काढतो, तें त्यावरून कळतें. कांहीं कारखाने हा अंक एका मिलिवॅटास न देतां एका व्होल्टास देतात. ३२ ओहमच्या हेडफोनांत या दोन रीतींनीं १५ डेसिबलांचें अंतर पडतें. म्हणून तुलना करण्यापूर्वीं माप कोणतें तें अवश्य पाहावें.

लोकांत समजूत अशी रूढ आहे कीं, ओहम अधिक असले तर वर्धक हवा, कमी असले तर नको. ही समजूत अर्धीच खरी आहे. तीन उदाहरणें घेऊन पाहूं. संगीत ऐकतांना सरासरी आवाज ७५ ते ८० डेसिबल असला म्हणजे तो चांगला भरीव वाटतो. तबल्याची थाप किंवा तारसप्तकांतील आवेशपूर्ण तान क्षणभर त्याहून वीस डेसिबल वर जाते. म्हणजे क्षणमात्र १०० डेसिबलपर्यंत पोंचण्याची ऐपत असली कीं पुरे. पहिला हेडफोन साधा, ३२ ओहमचा व १०० डेसिबल संवेदनशीलतेचा समजा. त्यास एक मिलिवॅट पुरतो, आणि त्याकरितां विद्युद्दाब लागतो अवघा ०·१८ व्होल्ट. दुसरा सेनहायझर कंपनीचा प्रसिद्ध एचडी ६००. हा ३०० ओहमचा व ९७ डेसिबलांचा. त्यास दोन मिलिवॅट, म्हणजे सुमारें ०·७७ व्होल्ट लागतात. तिसरा हायफायमॅन कंपनीचा एचई-६. याचा रोध अवघा ५० ओहम, पण संवेदनशीलता ८३·५ डेसिबल. त्यास जवळजवळ ४५ मिलिवॅट, म्हणजे दीड व्होल्ट पाहिजेत. आतां ज्या मोबाइलचा किंवा जोडणीचा वर्धक एक व्होल्टपर्यंत दाब देतो, तो पहिल्यास सहज पुरतो, तीनशें ओहमच्या दुसऱ्यासहि पुरतो, आणि पन्नास ओहमच्या तिसऱ्यास मात्र पुरत नाहीं ! तेव्हां नुसत्या ओहमवरून निर्णय देणें म्हणजे वराची नुसती उंची पाहून स्थळ पसंत करण्यासारखें आहे.

दुसऱ्या उदाहरणांत थोडें तारतम्य ठेविलें पाहिजे. मुद्रण मुळांतच मंद असलें, उदाहरणार्थ पाश्चात्य वाद्यवृंदाचें अथवा जुन्या मैफिलीचें, तर आणखी दहा डेसिबलांची शिल्लक हातीं असावी लागते. दहा डेसिबल म्हणजे दसपट शक्ति, आणि दाब सव्वातीनपटीच्या आसपास. मग ०·७७ व्होल्टाचे जवळजवळ अडीच व्होल्ट होतात, आणि एक व्होल्टाचा मोबाइल तेथें थकतो. अशा वेळीं मुलाची मागणी रास्त आहे असें वडिलांनीं समजावें.

अधिक ओहम हा दोष नव्हे, याची साक्ष इतिहासहि देतो. १९२० नंतरच्या दशकांत घरोघरीं जे स्फटिक-रेडिओ वापरांत होते, त्यांत वर्धक नव्हता आणि बॅटरीहि नव्हती. आकाशांतून एरियलनें ओढून घेतलेल्या अत्यल्प विजेवरच त्यांचे हेडफोन बोलत, आणि त्या हेडफोनांचा रोध पुष्कळदां दोन हजार ओहम किंवा त्याहूनहि अधिक असे. ते बोलत, कारण ते फार संवेदनशील होते व रेडिओच्या प्रकृतीस जुळत होते. जोडी जुळणें हेंच काय तें महत्त्वाचें. म्हणूनच बायरडायनॅमिकसारखी कंपनी डीटी ८८० हा आपला हेडफोन ३२, २५० व ६०० अशा तीन निरनिराळ्या ओहमांत काढीत आलेली आहे. ज्यास मोबाइलवरच ऐकावयाचें आहे त्यानें विकत घेतांनाच कमी ओहमचा नग निवडला, तर वर्धकाचा वाद बहुधा उंबऱ्याबाहेरच राहतो.

जोडी जुळण्याची आणखी एक बाजू आहे. वर्धकाचाहि स्वतःचा कांहीं अंतर्गत रोध असतो, आणि तो हेडफोनाच्या रोधाच्या एक-अष्टमांशाहून अधिक नसावा असा जाणत्यांचा ठोकताळा आहे. ३२ ओहमच्या हेडफोनास चार ओहमपर्यंतचा वर्धक चालतो. वर्धकाचा रोध याहून फार मोठा असला, तर कांहीं हेडफोनांत खर्ज फुगतो, कांहींत वरचे स्वर दबतात, आणि गायकाचा आवाज मूळचा राहत नाहीं. महाग वर्धकांतहि हा दोष आढळूं शकतो. म्हणून किंमत विचारण्यापूर्वीं हा अंक विचारावा.

बाहेरच्या साउंड कार्डाचा प्रश्न याहून निराळा आहे. त्याची गरज आवाज लहान पडतो म्हणून बहुधा उत्पन्न होत नाहीं. आवाजांत मळ मिसळतो म्हणून होते. संगणकाच्या पेटींत अनेक भाग क्षणोक्षणीं वीज ओढीत व सोडीत असतात, आणि त्यांची कुरकुर आंतल्या साउंड कार्डाच्या नाजूक लहरींत शिरते. तानपुऱ्याच्या झंकारामागें सूं सूं ऐकूं येणें, माउस हालविला कीं चिरचिर होणें, हीं त्याचीं लक्षणें. अशा वेळीं प्रथम लॅपटॉपच्या चार्जरची पिन काढून पाहावी. पेटीच्या पुढच्या भोंकांत हेडफोन लावला असेल तर तो मागच्या भोंकांत लावून पाहावा. एवढ्यानें कुरकुर थांबली तर रोग फुकटांत बरा झाला. न थांबली, तर यूएसबीनें जोडण्याचें लहानसें बाहेरचें साउंड कार्ड हा योग्य उपाय होय. ज्या मोबाइलांस हेडफोनाचें भोंकच उरलेलें नाहीं (आयफोनाचें तें २०१६ सालीं गेलें), त्यांना जी बोटभर लांबीची जोडणी लावतात, तिच्यांतहि बहुधा असाच एक डॅक व वर्धक बसविलेला असतो, आणि पुष्कळ हेडफोनांस तो पूर्ण पुरतो.

एवढें गणित झाल्यावर घरीं परीक्षा कशी घ्यावी तें सांगतों. ओळखीचें, उत्तम मुद्रित झालेलें एक गाणें निवडावें. स्थालीपुलाकन्यायानें, म्हणजे भाताचें एक शीत चेपून सगळें भांडें शिजलें कीं नाहीं तें पाहतात त्याप्रमाणें, त्यांतील एकच मिनिटाचा भाग पुनः पुनः ऐकावा. मोबाइलचा आवाज तीन-चतुर्थांशाच्या आंत असतांनाच पुरेसा मोठा वाटला आणि मोठ्या थापेस तो फाटला नाहीं, तर शक्तीची उणीव नाहीं. पूर्ण वाढवूनहि गाणें दुबळें वाटलें किंवा थाप फाटली, तर उणीव आहे. वर्धक विकत घेण्यापूर्वीं कोणाकडून दोन दिवस मागून आणतां आला तर फार उत्तम. मात्र तुलना करतांना दोन्हींकडचा आवाज अगदीं सारखा ठेवावा, आणि कोणता वर्धक चालूं आहे तें ऐकणाऱ्यास कळूं देऊं नये; जोडणी बदलण्याचें काम बहिणीनें किंवा भावजयीनें दाराआड करावें. कानाचा स्वभाव असा आहे कीं, रेसभर मोठा आवाज त्यास रेसभर चांगला भासतो. दहा वेळां बदल केला आणि ऐकणाऱ्यानें पांच-सहा वेळांच बरोबर ओळखलें, तर तो भेद कानाचा नसून डोळ्यांचा आहे असें समजून पैसे पेटींत ठेवावे.

दुसरेंहि एक तारतम्य हवें. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत येत नाहीं. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ सालीं गेले. त्यांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवरील खरखर कोणताहि वर्धक धुऊन काढणार नाहीं, आणि त्या स्वराची आर्तता साध्या हेडफोनांतूनहि हरवणार नाहीं. जेथें मुद्रणच सामान्य आहे, तेथें यंत्रावरील खर्च वायां जातो. हातांत थोडी रक्कम उरली असेल तर ती आधीं अधिक चांगल्या हेडफोनावर खर्चावी. कारण ऐकूं येणारा भेद हेडफोनांत फार मोठा असतो, आणि दोन निर्दोष वर्धकांत अगदीं थोडा.

शेवटीं जें सर्वांत अगत्याचें तें सांगितलें पाहिजे. वर्धक सबळ झाला म्हणजे कान सबळ होत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें घालून दिलेली मर्यादा अशी : ८० डेसिबल आवाज आठवड्यास ४० तास ऐकला तर चालेल, ९० डेसिबल असेल तर आठवड्यास चारच तास. दर तीन डेसिबलांस आवाजाची शक्ति दुप्पट होते, आणि सुरक्षित वेळ निम्मी होते. एचई-६ सारख्या जड हेडफोनास लागणारा वर्धक चुकून ३२ ओहमच्या हेडफोनास जोडला व बटण वर राहिलें, तर एका क्षणांत कानास इजा होऊं शकते. एकत्र कुटुंबांत वस्तु एका हातांतून दुसऱ्या हातांत जातात. दादाचा हेडफोन उचलून धाकटी बहीण कानास लावते. म्हणून ज्या घरांत असा वर्धक येईल, त्या घरांत एक नियम सर्वांनीं पाळावा : ऐकून उठणारानें बटण शून्यावर आणूनच उठावें, आणि लावणारानें तें पाहूनच लावावें. कानाच्या आंतील सूक्ष्म केसपेशी एकदां नष्ट झाल्या कीं पुनः उगवत नाहींत. त्या कोणत्याहि दुकानीं मिळत नाहींत.

तेव्हां निवाडा असा. बिनतारी हेडफोनास कांहीं नको. सामान्य तारेच्या हेडफोनास घरांतलाच मोबाइल पुरे. कुरकुर असेल तर लहानसें बाहेरचें साउंड कार्ड. गणितानें शक्ति उणी ठरली आणि कानानें डोळे झांकून त्यास दुजोरा दिला, तरच निराळा वर्धक. मुलानें हे चार अंक कागदावर मांडून वडिलांपुढें ठेवावे. आणि ते बरोबर असतील, तर वडिलांनीं त्यावर आनंदानें सही करावी. ज्या घरांत मागणी हिशेबानें होते व होकारहि हिशेबानें मिळतो, तेथें वर्धक आला काय आणि न आला काय, सूर जुळलेलाच राहतो.