दाराजवळची खुर्ची

गेल्या श्रावणात माझी पंधरा वर्षांची भाची आठ दिवस मनोरुग्णांच्या वॉर्डात होती. तिने स्वतःला इजा करून घेतली होती. नातेवाइकांना आम्ही सांगितले, ‘जरा बरं नाही.’ वीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या माणसाला याहून बरा शब्द सापडू नये, याची आज लाज वाटते.

पहिल्याच दिवशी वॉर्डाच्या दाराशी सिस्टरनी माझी पिशवी तपासली आणि निम्म्या वस्तू ठेवून घेतल्या. मी तडकलो, “अहो, मी तिचा मामा आहे!” त्या शांतपणे म्हणाल्या, “इथं सगळ्यांचीच पिशवी बघतो, सर.”

आत पाहतो तो दाराजवळ खुर्ची टाकून दुसऱ्या सिस्टर भाचीशी पत्ते खेळत होत्या. हीच त्यांची राखण! खेळता खेळता त्यांनी सरळ विचारले, “आज पुन्हा स्वतःला इजा करावीशी वाटली का गं?” माझ्या छातीत धस्स झाले. नको तो विचार कशाला आठवून द्यायचा? पण पोरगी म्हणाली, “सकाळी वाटलं होतं.” मग तसे वाटले की कुणाला हाक मारायची, मन कशात गुंतवायचे, ते दोघींनी कागदावर लिहून काढले. डॉक्टर मागाहून म्हणाले, विचारल्याने असा विचार मनात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते.

नुसते कोंडून काय होते, याचा दाखला अमेरिकेत आहे. मार्शा लिनेहन सतरा वर्षांची असताना, १९६१ साली, हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात दाखल झाली. तिला एकांत खोलीत ठेवले, तरी तिचे स्वतःला इजा करणे थांबले नाही. पुढे तीच मानसशास्त्रज्ञ झाली आणि अशा रुग्णांसाठी ‘डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी’ ही उपचारपद्धती तिने घडवली. आपली कहाणी तिने उघड केली ती २०११ मध्ये, त्याच रुग्णालयात!

आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने एकांतकोठडी आणि साखळदंड दोन्हींना बंदी केली आहे. अठरा वर्षांखालील मुलांना प्रौढांपासून वेगळे ठेवायचे आणि त्यांच्यासोबत आपले माणूस सतत असलेच पाहिजे, असेही त्यात आहे. म्हणून माझी बहीण आठही रात्री तिथेच होती.

निघताना डॉक्टरांनी बजावले, घरी परतल्यावरचे पहिले काही आठवडे फार जपायचे. औषधे कुलपात ठेवायची, तपासणीची तारीख चुकवायची नाही, आणि जीव घाबरला तर रात्री-अपरात्रीही १४४१६ या ‘टेलिमानस’च्या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

यंदा आकाशकंदील आम्ही दोघे करतो आहोत. कागद कापायचे काम माझे, चिकटवायचे तिचे. परवा मी चाचरत म्हणालो, “काय गं, आज कसं काय?”

ती हसली. “मामा, सिस्टरसारखं सरळ विचार ना!”

मग मी सरळ विचारले.