टीटी नव्हे, तात्या टोपे!



१ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ राजधानी झाले. नागपूरहून सरकारी दप्तरे आली, त्यांच्याबरोबर आमची कितीतरी कुटुंबेही आली आणि तात्या टोपे नगरच्या क्वार्टर्समध्ये राहिली. त्याचे ‘टीटी नगर’ कधी झाले, ते आम्हालाही कळले नाही! हटकले, तर आमच्यातलेच काही शहाणे म्हणतात, ‘‘जाऊ द्या हो! शेवटी त्यांना कोर्टाने कायदेशीर शिक्षा दिली होती.’’

कायदेशीर? मग कायदाच पाहू.

येवल्याचे रामचंद्र पांडुरंग ऊर्फ तात्या टोपे ७ एप्रिल १८५९ रोजी मानसिंगाच्या फितुरीने पकडले गेले. सिप्री, म्हणजे आजच्या शिवपुरीत, १५ एप्रिलला कोर्ट मार्शल बसले आणि इंग्रजांच्या नोंदीप्रमाणे १८ एप्रिलला फाशीही झाली. आरोप होता इंग्रज सरकारविरुद्ध बंड व युद्ध केल्याचा. तात्यांचे उत्तर सरळ होते: काल्पी पडेपर्यंत नानासाहेबांचे आणि पुढे रावसाहेबांचे हुकूम आपण पाळले.

लष्करी कायदा हवाच. त्याशिवाय फौज चालत नाही. पण तो त्या फौजेच्या माणसासाठी असतो. ज्याने शपथ घेतली, त्याने ती मोडली तर बंड! पेशव्यांच्या सेनापतीने इंग्रजांशी कसली शपथ मोडली? १८५७ साली इंग्रजांनी घाईने कायदे करून इतरांनाही कोर्ट मार्शलपुढे उभे करण्याची सोय करून घेतली, हे खरे. पण रणांगणावरचा शत्रूच न्यायाधीश होऊन बसला, तर त्याला न्याय म्हणायचे का?

आपल्या १९५०च्या सेना कायद्यातही बंडाला मृत्युदंड आहे. मात्र जनरल कोर्ट मार्शलमध्ये किमान पाच अधिकारी लागतात, मृत्युदंडाला दोन-तृतीयांश मत लागते आणि वरून मंजुरी आल्याशिवाय शिक्षा अमलात येत नाही. २००७च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे अपिलाची वाटही दिली. त्याचे एक पीठ आपल्या जबलपुरातच आहे. तात्यांना मिळाले अवघे तीन दिवस!

म्हणून आम्ही म्हणतो, तात्या गुन्हेगार नव्हते, ते युद्धकैदी होते. सरकारने पाट्या बदलाव्यात, ही मागणी नंतर. आधी आपल्या घरचे पत्ते, लग्नपत्रिका आणि मंडळाची निमंत्रणे यांवर पूर्ण नाव लिहू या. येत्या १८ एप्रिलला मुलांना ही हकीकत सांगू या. ज्यांच्या नावाच्या वस्तीत आपण संसार थाटले, त्यांचे नाव दोन इंग्रजी अक्षरांत गुंडाळणे आपल्याला शोभते का?